एफएमआर१ : गैरहजेरीतून उलगडलेले जनुक

एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ असलेल्या एफएमआर१ या जनुकाच्या नावातील ‘एमआर’ ही अक्षरे कित्येक वर्षे ‘मेंटल रिटार्डेशन’साठी होती, अलीकडे संक्षेप तोच ठेवून त्यांचा विस्तार ‘मेसेंजर रायबोन्यूक्लिओप्रोटीन’ असा करण्यात आला. जुना शब्द अवमानकारक वाटू लागला म्हणून हा बदल झाला खरा, पण या जनुकाचा इतिहासही त्याच क्रमाने घडला आहे. आधी या जनुकाच्या बिघाडाने होणारा, बौद्धिक अक्षमता आणणारा ‘फ्रॅजाइल एक्स’ हा आजार माहीत झाला, मग गुणसूत्रातील खूण दिसली, मग जनुक सापडले, आणि ते जनुक पेशीत नेमके काय करते हे सर्वांत शेवटी कळू लागले.

१९४३ मध्ये जेम्स पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. तिच्यात बौद्धिक अक्षमता पुरुषांमध्ये दिसत होती आणि ती वरकरणी निरोगी असलेल्या मातांकडून येत होती, म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होते. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्स यांना अशाच एका कुटुंबातील एक्स गुणसूत्राच्या टोकाशी तुटल्यासारखी दिसणारी अरुंद जागा आढळली. पुढे मात्र ही खूण काही प्रयोगशाळांत दिसे आणि काहींत दिसत नसे. हे कोडे १९७७ मध्ये ग्रँट सदरलँड यांनी सोडवले, आणि त्याचे उत्तर गुणसूत्रात नसून पेशी वाढवण्याच्या द्रवात होते: फोलिक आम्ल कमी असलेल्या जुन्या माध्यमात ती जागा उमटे, तर पेशींना अधिक पोषक म्हणून स्वीकारलेल्या नव्या माध्यमात ती नाहीशी होई. सुधारणा केल्यामुळेच पुरावा लपावा, असे प्रसंग विज्ञानात फार घडत नाहीत.

जनुक हाती लागले ते १९९१ मध्ये, अमेरिका आणि नेदरलँड्समधील गटांच्या संयुक्त कामातून. त्यांत स्टीफन वॉरेन, डेव्हिड नेल्सन आणि बेन ऊस्ट्रा ही प्रमुख नावे. जनुकाच्या सुरुवातीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरे एकामागून एक येतात. बहुतेक माणसांत त्यांची संख्या ४५ च्या आत असते. ५५ ते २०० असेल तर ती पुढच्या पिढीत, विशेषतः आईकडून जाताना, वाढू शकते. आणि २०० च्या पुढे गेली की त्या भागावर मेथिल गट (छोट्या रासायनिक खुणा) चढून जनुक बंद पडते. हा आजार काही कुटुंबांत पिढीगणिक अधिक जणांना का होतो, या जुन्या प्रश्नाचा उलगडाही त्यातूनच झाला.

जनुक बंद पडते एवढे कळले, तरी चालू असताना ते काय करते हा प्रश्न उरलाच होता. १९९३ मध्ये त्याच्या प्रथिनाची रचना तपासताना त्यात केएच नावाचे दोन भाग आढळले. असे भाग आरएनएला, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या प्रतीला, धरणाऱ्या इतर प्रथिनांत आधीच माहीत होते, आणि एफएमआरपी हे एफएमआर१चे प्रथिनही आरएनएला बांधले जाते हे प्रयोगांनी लगेच दाखवले. तरीही आजाराचे मूळ याच गुणधर्माच्या अभावात आहे, असे म्हणायला ते पुरेसे नव्हते. तो दुवा त्याच वर्षी नोंदल्या गेलेल्या एका रुग्णाने जोडला. त्याच्या जनुकात सीजीजीची संख्या सामान्य होती, प्रथिनही तयार होत होते, आणि तरी आजार अतिशय तीव्र होता. ३०४ व्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी ॲस्पॅराजिन आले होते, आणि ते स्थान दुसऱ्या केएच भागात पडते. या एका अमिनो आम्लाच्या फरकाने आरएनएवरील पकड बिघडते, आणि प्रथिने बनवणारे अनेक रायबोसोम एकाच आरएनए-संदेशावर काम करत असतात त्या समूहांत हे प्रथिन सामील होऊ शकत नाही. माझ्या मते या साऱ्या कहाणीतील सर्वांत बोलका पुरावा हाच.

त्यानंतरचे चित्र चेतासंधींजवळ, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे, रेखाटले गेले. चेतापेशीच्या शाखांमध्ये काही संदेशवाहक आरएनए आधीच पोचवून ठेवलेले असतात आणि उद्दीपन मिळाले की तिथल्या तिथे त्यांच्यापासून प्रथिने बनतात. एफएमआरपी बहुतांशी या प्रक्रियेवर लगाम ठेवते. २००२ मध्ये हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत, ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहकामुळे (पेशीवरील ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनामुळे) चेतासंधी क्षीण होण्याची क्रिया प्रमाणाबाहेर होते असे दिसले. २०११ मध्ये जेनिफर आणि रॉबर्ट डार्नेल यांच्या गटाने उंदराच्या मेंदूवर अतिनील किरण टाकून प्रथिन आणि त्याने धरलेला आरएनए जागच्या जागी जोडून घेतले आणि ८४२ संदेशांची यादी काढली. त्यांतील बरेच संदेश चेतासंधींशी संबंधित प्रथिनांचे होते, आणि त्यांच्यावरील रायबोसोम वाटेतच थबकलेले होते.

त्या ग्लुटामेट ग्राहकाला अडवणाऱ्या मॅव्होग्लुरंट या औषधाच्या माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांतील प्रयोगांनी जागवलेली आशा त्यांत फळाला आली नाही. शेकडो संदेशांवरचा लगाम सुटलेला असताना एकच ग्राहक अडवून किती साधणार, ही शंका त्यानंतर बळावली, आणि मुळातले जनुकच पुन्हा चालू करता येईल का याकडे लक्ष वळले. २०१८ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या गटाने रुग्णांच्या पेशींपासून तयार केलेल्या मूलपेशींमध्ये केवळ त्या सीजीजी भागावरचे मेथिल गट काढून टाकले. जनुक जागे झाले, आणि त्या पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींची विद्युत हालचालही सामान्य पातळीवर आली. सीजीजीची लांबलचक रांग मात्र होती तशीच होती.