मद्यपी व बेदरकार वाहनचालकांची शिक्षा

दारू पिऊन किंवा बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा जीव घेतला, तर शिक्षा किती असावी, हा भारतातील फौजदारी न्यायातला जुना वाद. शिक्षेची वर्षे मोजण्याआधी गुन्हा कोणत्या कलमात बसवला ते पाहावे लागते. वादाचे मूळ तिथेच आहे.

भारतीय दंड संहितेत दोन वाटा होत्या. कलम ३०४ अ म्हणजे हयगयीने मृत्यू घडवणे, शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षे. कलम ३०४ भाग २ म्हणजे सदोष मनुष्यवध, शिक्षा १० वर्षांपर्यंत. दोन्हींत फरक जाणिवेचा. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे चालकाला ठाऊक होते का, या एका प्रश्नाच्या उत्तरावर शिक्षेची कमाल मर्यादा पाचपट होत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीची मर्यादा ५ वर्षे झाली. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा देणारे कलम १०६(२) मात्र, जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर, नवी संहिता लागू करताना बाजूला ठेवण्यात आले.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर भरधाव मोटार पदपथावर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. ७ जण ठार आणि ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघाले, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने हयगय धरून ६ महिन्यांची कैद दिली. सात जीव आणि सहा महिने, हे गणित लोकांच्या पचनी पडले नाही. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ३ वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारूच्या अमलाखाली अशा वेगाने गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, असा त्या निकालाचा रोख होता. तीन वर्षेही अपुरी आहेत, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट नोंदवले. पण शिक्षा वाढवून मागणारे अपील राज्याने केलेच नव्हते, म्हणून ती वाढवली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणाचा निकाल आला. तिथे भरधाव मोटारीखाली ६ जण मेले होते. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०४ भाग २ पुन्हा लावले, मात्र भोगलेली सुमारे दोन वर्षांची कैद पुरेशी मानली. वर ५० लाख रुपये भरायला आणि दोन वर्षे समाजसेवा करायला सांगितले. रस्त्यावरच्या बळींच्या कुटुंबांचे नुकसान भरून निघावे यासाठी पैसा हवाच. पण तो कैदेच्या जागी आल्यासारखा दिसला, की ज्याच्याकडे ५० लाख नाहीत त्या ट्रकचालकाने काय समजायचे?

कोणाला इजा झाली नसेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड २,००० रुपये होता. नाकाबंदीत नळीत फुंकर मारली की यंत्रावर आकडा लगेच उमटतो. अपघातानंतर तसे होत नाही. जखमींना हलवणे, पंचनामा, मग रुग्णालय; तोवर तास उलटतात आणि रक्तातले अल्कोहोल उतरत जाते. नमुना उशिरा घेतला तर जाणीव सिद्ध करण्याचा मोठा आधार निसटतो. मे २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातात तर नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. त्याआधी अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने संताप उसळला होता.

इंग्लंडमध्ये मद्यपान, वेग, आधीचे गुन्हे, बळींची संख्या यांना किती वजन द्यायचे याची लेखी मार्गदर्शक तत्त्वे न्यायाधीशांपुढे असतात. तिथे धोकादायक चालवण्याने मृत्यू घडल्यास २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. भारतात अशी बंधनकारक चौकट नाही. त्यामुळे शिक्षा न्यायालयागणिक बदलते. २०१५ मध्ये पंजाबच्या अशाच एका अपघाती मृत्यूच्या खटल्यात उच्च न्यायालयाने एका वर्षाची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती ६ महिने केली.

शिक्षा अपुरी वाटली तर राज्य अपील करू शकते. मृताच्या नातलगांना आरोपी सुटला, सौम्य कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तरच अपिलाचा हक्क आहे. केवळ शिक्षा कमी म्हणून त्यांना अपील करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.