उटकियाग्विक ते लाँगियरब्येन: अंतर किती आणि वेळ किती?

अलास्काच्या उत्तर टोकावरचे उटकियाग्विक आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातले लाँगियरब्येन यांच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांचा फरक असल्यामुळे भिंतीवरच्या नकाशात ती एकमेकांपासून फारच दूर दिसतात. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जातात. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर असते; उटकियाग्विकच्या अक्षांशावर ती ३६, तर लाँगियरब्येनच्या अक्षांशावर अवघी २३ किलोमीटर उरते. त्यामुळे दोन्ही विमानतळांमधला सर्वांत जवळचा मार्ग पूर्वेला किंवा पश्चिमेला वळत नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, ध्रुवापासून सुमारे ११० किलोमीटरवरून जातो आणि मग दक्षिणेला उतरतो. त्याची लांबी सुमारे ३,४०० किलोमीटर आहे.

ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला हे अंतर कापायला चार तास पुरतात. उड्डाण व उतरणे धरून साडेचार. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत दहा तासांचे अंतर असल्याने लाँगियरब्येनहून दुपारी बाराला निघालेले विमान उटकियाग्विकला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोहोचेल.

मात्र अशी थेट विमानसेवाच नाही. प्रवाशाला आधी ऑस्लोपर्यंत दक्षिणेला यावे लागते, तेथून दुसऱ्या विमानतळांवर विमान बदलत अलास्कातले अँकरेज गाठावे लागते आणि मग पुन्हा साडेअकराशे किलोमीटर उत्तरेला जावे लागते. थांबे धरता हा प्रवास सहसा एका दिवसाहून अधिक लांबतो. एप्रिल १९२८ मध्ये ध्रुवीय संशोधक ह्युबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन यांनी एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून उटकियाग्विकजवळच्या पॉइंट बॅरोहून स्वालबार्डपर्यंतचे उड्डाण २० तास २० मिनिटांत केले होते, हे लक्षात घेतले की आजच्या प्रवाशाचा हा वळसा अधिकच खटकतो. अर्थात, वादळामुळे त्या दोघांना उतरल्यावर एका निर्जन बेटावर पाच दिवस अडकून पडावे लागले, हेही विसरता येत नाही.

थेट सेवा नसण्याचे कारण विमानाच्या क्षमतेत नाही. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ लागतो आणि आर्क्टिक महासागराच्या मध्यभागी तो मिळत नाही. अमेरिकी नियमांनुसार ७८ अंश उत्तरेपलीकडे उडणाऱ्या विमान कंपन्यांना पर्यायी विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांची सोय कशी करणार याची योजना तयार ठेवावी लागते आणि इंधनाच्या तापमानावरही लक्ष ठेवावे लागते, कारण अमेरिकेत सर्रास वापरले जाणारे जेट ए इंधन उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. या अडचणींवर उपाय आहेत, आणि खंडांमधली लांब पल्ल्याची विमाने ध्रुवाजवळून जातातही. पण त्या विमानांत शेकडो प्रवासी असतात, तर या दोन गावांची लोकसंख्या एकत्र केली तरी ती आठ हजारांच्या आत राहते.