तुमच्या डायनासोरचा रंग कोणी ठरवला?

प्रतिकृती हातात पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हा खरंच असा दिसायचा?" उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक खोक्यात ठेवतो.

आमच्या कामात काही गोष्टी जीवाश्मात सरळ दिसलेल्या असतात, काही आजच्या प्राण्यांवरून ताडलेल्या, आणि काही निव्वळ आमच्या हाताच्या. कुठला भाग कशातला, ते सोबतच्या कार्डावर लिहिलेलं आहे. कार्ड टाकून देऊ नका.

सुरुवात हाडांपासून होते. स्नायू जिथे हाडाला चिकटलेला असतो तिथे खरखरीत खुणा आणि उंचवटे राहतात. त्यांवरून मांडीचा स्नायू कुठून कुठे गेला ते कळतं, पण किती जाड होता ते दर वेळी कळत नाही. मग पक्षी आणि मगरी बघायच्या. पक्षी डायनासोरांचेच वंशज, आणि मगरी त्यांच्या जिवंत नातलगांत सर्वांत जवळच्या. दोघांतही जे आढळतं ते डायनासोरातही असणार, असं धरून चालतात. आमच्या टेबलावर मातीच्या गोळ्याशेजारी कोंबडीच्या तंगडीचे फोटो पडलेले असतात ते यासाठीच.

खरी पंचाईत मऊ भागांची. पोट, चरबी, गळ्याखालची सैल कातडी सहसा उरत नाही. शास्त्रज्ञाला 'माहीत नाही' लिहून पुढे जाता येतं, मूर्तिकाराला पोटाच्या जागी भोक ठेवता येत नाही. पूर्वी बरेच जण कातडी थेट हाडांवर ताणून मोकळे व्हायचे, अगदी कवटीतल्या पोकळ्या बाहेरून दिसतील इतकी. तशा रीतीने मांजर घडवलं तर घरच्यांनाही ते ओळखू यायचं नाही. आमचे डायनासोर अंगाने जरा भरलेले असतात ते मुद्दाम.

आता रंग. रंग कधीच कळणार नाही, असं फार काळ मानलं जायचं. चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातून १९९६ साली सायनोसॉरॉप्टेरिक्स हा छोटा, अंगभर बारीक तंतूंसारखी पिसं असलेला डायनासोर जगासमोर आला. त्या पिसांत मेलॅनोसोम, म्हणजे रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या, टिकून होत्या. पक्ष्यांच्या पिसांत लांबट मेलॅनोसोम काळा-करडा रंग देतात, गोलसर असतील तर तांबूस. २०१० साली याच आधारावर त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, असा निष्कर्ष निघाला. ते पट्टे आम्ही आमच्या आवडीने बदलत नाही. सगळेच रंग असे टिकत नाहीत, पिवळ्या-केशरी छटा देणारी काही द्रव्यं सहसा नाहीशी होतात. ज्यांची कातडी किंवा पिसं मिळालेलीच नाहीत, त्यांचा रंग आम्ही निवडतो आणि कार्डावर तसं कबूल करतो.

कलाकार फक्त शास्त्रज्ञाचं सांगणं ऐकतो, असं मात्र नाही. सिटॅकोसॉरस या डायनासोरचा एक जीवाश्म फ्रँकफर्टच्या संग्रहालयात आहे, कातडीवरच्या रंगाच्या खुणांसकट. पाठ गडद, पोट फिकट. सावली पडते तिथे रंग फिकट असला की प्राणी चटकन नजरेत येत नाही. बॉब निकोल्स या कलाकाराने शास्त्रज्ञांसोबत त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती घडवली आणि त्याच साच्यातून दुसरी, नुसती राखाडी, काढली. ती राखाडी प्रतिकृती उघड्या आकाशाखाली आणि झाडांखाली ठेवून अंगावर सावली कुठे पडते याचे फोटो घेतले, मग ते जीवाश्मावरच्या रंगाशी ताडून पाहिले. जमली ती झाडांखालची सावली. म्हणजे हा प्राणी दाट झाडीत वावरत असावा. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. मूर्तीच इथे मोजमापाचं साधन झाली, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

जुन्या चुकांना हसू नये. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनस्थळासाठी वॉटरहाउस हॉकिन्स या मूर्तिकाराने १८५४ साली इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर शिंग बसवलं. पुढे १८७८ साली बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळसा खाणीत सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग म्हणजे अंगठ्याचा काटा असल्याचं स्पष्ट झालं. त्याच इग्वानोडॉनच्या साच्यात ३१ डिसेंबर १८५३ ला मेजवानीही झाली होती. आमच्या साच्यात अजून कोणी जेवलेलं नाही.

ऑर्डर देताना एवढं सांगा : टी. रेक्सचे दात बाहेर दिसायला हवेत की ओठांआड? २०२३ मधल्या एका अभ्यासाने ओठांच्या बाजूने पुरावे मांडले, पण वाद मिटलेला नाही, म्हणून दोन्ही बनवतो. ज्युरासिक देखाव्यात गवत मागू नका, त्या काळी ते नव्हतं; नेचे आणि सायकॅड (ताडासारखी दिसणारी झाडं) घालून देऊ. रंग पुढे बदलला तर पुन्हा रंगवून मिळेल. पण पंजे मात्र टाळी वाजवायला धरतो तसेच, तळवे समोरासमोर. मांसाहारी डायनासोरांची मनगटं तळवे जमिनीकडे वळतील अशी नव्हतीच. तसे वळवून द्या, असं दर महिन्याला कोणीतरी सांगतं. देत नाही.