प्लेटलेटच्या पिशवीला बर्फ लावू नका

श्रावण संपत आला की आमच्या रक्तकेंद्राच्या दारात थर्माकोलचे डबे दिसू लागतात. आइस्क्रीमचे, मासळीचे, एकदा तर लग्नाच्या हॉलवरून उचलून आणलेला पनीरचा डबा होता. आत कोपऱ्यावरच्या दुकानातला किलो-दोन किलो बर्फ. पेशंटला डेंग्यू, प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा, काउंट अठरा हजार, डॉक्टरांनी चार प्लेटलेट आणायला पाठवलेलं. डबा आणणारा माणूस शहाणाच असतो, एवढ्या घाईत त्याला रक्त थंड ठेवायचं सुचलेलं असतं. अडचण एवढीच की प्लेटलेटला थंडी सोसत नाही.

काउंटरवरची मुलं हे प्रत्येकाला तोंडी सांगतात. तरी गेल्या हंगामात रात्री दोन वाजता दिलेल्या चार पिशव्या बिनबर्फाच्या नेतो म्हणून नेल्या, आणि विट्याच्या अलीकडे धाब्यावर थांबून कुणीतरी काळजीपोटी त्यांच्यावर बर्फाचा चुरा घातला. पहाटे वॉर्डातून फोन आला, ‘पिशवीत पांढऱ्या गुठळ्या दिसतायत.’ चारही पिशव्या फेकाव्या लागल्या. चार माणसांचं रक्तदान वाया गेलं आणि पेशंटचे सहा तास गेले. म्हणून हे लिहून देतो आहोत. घरी नेऊन वाचा, आणि गाडी चालवणाऱ्यालाही वाचून दाखवा.

मग रक्ताला बर्फ का चालतो?

हा गोंधळ थोडा आमच्यामुळेच झाला आहे. वर्षानुवर्षं आम्हीच भिंतीवर लिहिलं होतं, ‘रक्त नेताना बर्फाचा डबा आणा.’ तेव्हा बहुतेक लोक अख्खं रक्त न्यायचे. आता एका रक्तदात्याच्या पिशवीतून तीन वेगळ्या गोष्टी निघतात आणि तिघींची तऱ्हा वेगळी. लाल पेशींची पिशवी, म्हणजे तुम्ही जिला पीसीव्ही म्हणता ती, २ ते ६ अंशांत फ्रिजमध्ये राहते. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवून ठेवतात आणि देताना वितळवून देतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, म्हणजे एसी लावलेल्या खोलीच्या तापमानाला, आणि तीही स्वस्थ पडून नव्हे, तर सतत डुलणाऱ्या फळीवर ठेवतात. आमच्याकडे काचेच्या कपाटात पाळण्यासारखी झुलणारी फळी दिसते ना, तिच्यावर याच पिशव्या असतात. पेशी जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. तो पिशवीच्या प्लॅस्टिकमधून झिरपत आत येतो आणि झुलण्यामुळे सगळ्या पेशींपर्यंत पोचतो. दोन-चार तासांच्या प्रवासात झुलणं थांबलं तर बिघडत नाही. थंडीने मात्र बिघडतं.

हे आमच्या मनाचं नाही. पूर्वी प्लेटलेटही थंडच ठेवत. १९६९ साली अमेरिकेत मर्फी आणि गार्डनर या दोघांनी ४ अंशांत ठेवलेल्या आणि २२ अंशांत ठेवलेल्या प्लेटलेट माणसांना देऊन किती दिवस टिकतात ते मोजलं. थंडीतल्या प्लेटलेट रक्तातून फार लवकर नाहीशा झाल्या, खोलीच्या तापमानातल्या टिकल्या. कारण नंतरच्या संशोधनातून हळूहळू उलगडलं. निरोगी प्लेटलेट चपटी, बत्ताशासारखी असते. थंडी लागली की ती गोल होते, अंगावर काटे काढते आणि तिच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं एकत्र गोळा होतात. आपल्या यकृतातल्या पेशी अशा प्लेटलेट ओळखून उचलून टाकतात. म्हणजे बर्फातली पिशवी पेशंटला चढते, बिल होतं, आणि काउंट जिथल्या तिथे राहतो.

इंटरनेटवर वाचून येणारेही आता बरेच असतात. त्यांचं म्हणणं, अमेरिकेत तर थंड प्लेटलेट वापरतात. खरं आहे. तिथल्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये १ ते ६ अंशांत १४ दिवसांपर्यंत ठेवलेल्या प्लेटलेटना परवानगी दिली, पण ती नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील तेव्हा चालू रक्तस्राव थांबवण्यापुरती. थंड प्लेटलेट पटकन चिकटतात, म्हणून अपघातात वाहतं रक्त थांबवायला त्यांचा उपयोग होऊ शकतो. त्या मुळापासूनच तशा पद्धतीने साठवलेल्या असतात, वाटेत थर्माकोलच्या डब्यात गारठलेल्या नसतात. आणि तुमच्या पेशंटला काउंट टिकवायला हवा असतो.

पिशवी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

आमची तंत्रज्ञ पिशवी देताना ती ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवते. तुम्हालाही दाखवायला सांगा, दोन सेकंदांचं काम आहे. चांगल्या प्लेटलेटच्या पिशवीत रेशमी कापड हलल्यासारखी किंवा मोती फिरवल्यासारखी चकाकी दिसते. चपट्या पेशी प्रकाश परावर्तित करत वळतात म्हणून ती दिसते. पेशी गोल झाल्या की चकाकी जाते, पिशवी नुसती गढूळ पिवळी राहते. वॉर्डातल्या सिस्टरांनीही लावण्याआधी असं बघावं अशी आमची विनंती आहे. चकाकी दिसली नाही तर लावू नका, आधी आम्हाला फोन करा.

याच कारणाने आम्ही एकदा दिलेली पिशवी परत घेत नाही. ‘अर्ध्या तासात आणून दिली तरी घेत नाही, पैसे खाता काय?’ हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. पिशवी मधल्या वेळात गाडीच्या डिकीत होती, फ्रिजवर होती की फ्रिजमध्ये, हे पिशवी सांगत नाही. परत घेऊन ती दुसऱ्याच्या पेशंटला द्यायची, आणि तो पेशंट उद्या तुमचाच कुणी असायचा. तेव्हा पिशवी न्यायला डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर वॉर्डाची तयारी झाल्याचा निरोप घेऊनच या. सलाइनची शीर लागली आहे, रक्ताचा फिल्टरवाला सेट आणून ठेवला आहे, असं कळल्यावरच निघा. साधी प्लेटलेटची पिशवी वीस-तीस मिनिटांत चढते. वॉर्डात पोचल्यावर ती उद्याच्या राउंडची वाट बघत ठेवायची नसते, आणि वॉर्डाच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

कशी न्यायची

प्लेटलेटसाठी आम्ही वेगळी निळी पेटी देतो. तिच्यात बर्फ नसतो, २२ अंशांवर आणून ठेवलेल्या जेलच्या पट्ट्या असतात. अनामत घेतो, पेटी परत आली की अनामत परत. पेटी नको असेल तर जाड कापडी पिशवीत घालून एसी चालू असलेल्या गाडीत मांडीवर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बोनेटजवळ ठेवू नका. मोटारसायकलवर जर्किनच्या आत छातीशी धरून नेणारेही भेटले आहेत. तिथे ३७ अंशांची ऊब लागते, तीही नको. लाल पेशींच्या आणि प्लेटलेटच्या पिशव्या एकदमच न्यायच्या असतील तर डबे दोन हवेत. एका डब्यात दोघी नकोत, मग मधे पुठ्ठा लावला तरी.

आरडीपी की एसडीपी

चिठ्ठीवर ‘चार आरडीपी’ लिहिलेलं असतं आणि नातेवाईक विचारतात, एसडीपी घेतली तर पेशंट लवकर बरा होईल का. आरडीपी म्हणजे एका रक्तदात्याच्या अख्ख्या रक्तातून वेगळी काढलेली छोटी पिशवी. मोठ्या माणसाचा काउंट तिने साधारण पाच ते दहा हजारांनी वाढतो. एसडीपीत एकाच दात्याला यंत्रावर बसवून फक्त प्लेटलेट काढतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात. एक एसडीपी पाच-सहा आरडीपींच्या तोडीची असते. फायदा असा की पेशंटच्या अंगात सहांऐवजी एकाच माणसाचं रक्त जातं, आणि वरचेवर प्लेटलेट लागणाऱ्या कर्करोगाच्या पेशंटला तो फायदा मोठा आहे. किंमत मात्र बरीच जास्त. दोन्हींचे दर काउंटरवर लावले आहेत. आम्ही रक्त विकत नाही, गोळा करणं, तपासणी, पिशवी आणि साठवण यांचं शुल्क घेतो.

डेंग्यूत दोन्ही प्रकारांचं वाढलेलं काउंट टिकेलच असं नाही, कारण शरीर त्या वेळी नव्या आलेल्या प्लेटलेटही मोडत असतं. आमचं दुकान याच मालावर चालतं, तरी एक गोष्ट सांगून टाकतो. सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या ३७२ प्रौढ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा काउंट वीस हजार किंवा त्याहून कमी होता, पण सतत रक्तस्राव कुणालाच नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दिलेल्यांमध्ये त्रास जास्त झाले. म्हणून डॉक्टर ‘काउंट पंधरा हजार आहे, पण अजून थांबू’ म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका, आणि आमच्याकडे चिठ्ठीशिवाय पिशव्या मागू नका. हिरड्यांतून रक्त येतंय, लघवीतून येतंय, काळी शौच होतेय, पोट दुखतंय, पेशंट गळून पडलाय, ही लक्षणं मात्र काउंट कितीही असला तरी लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि हो, डेंग्यूत खाली जातात त्या प्लेटलेटना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणू नका. पांढऱ्या पेशी वेगळ्या. फोनवर ‘पांढऱ्या पेशी चार पिशव्या’ अशी मागणी आली की आमची मुलं गोंधळतात आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात.

साठा का नसतो

प्लेटलेट पाच दिवस टिकते, आणि त्यातला पहिला दिवस तपासण्यांत जातो. अमेरिकेत १९८४ मध्ये ही मुदत सात दिवस केली होती. खोलीच्या तापमानाला जंतूही वाढतात म्हणून १९८६ मध्ये ती परत पाचवर आणली. त्यामुळे सोमवारच्या शिबिरातल्या प्लेटलेट रविवारी कामाच्या नसतात. दिवाळीच्या आठवड्यात शिबिरं होत नाहीत, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन त्याच आठवड्यात येतात.

एसडीपीसाठी दाता आणत असाल तर अठरा ते साठ वयाचा, पन्नास किलोच्या वर वजनाचा, हाताची शीर ठसठशीत दिसणारा बघा. त्याचा स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर हवा, तो आम्ही आधी तपासतो. गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नसावी. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ती असते, पाकीट बघून या. उपाशी आणू नका, पोटभर जेवून येऊ दे. यंत्रावर साधारण एक ते दीड तास लागतो. दाता सकाळी अकराच्या आत पोचला तर संध्याकाळपर्यंत पिशवी तुमच्या हातात येऊ शकते. दुपारी चारनंतर आला तर तपासण्या रात्रपाळीवर जातात. रात्री गेटची घंटा वाजवा, वॉचमन झोपला असेल तर दोनदा वाजवा. निळी पेटी गेटपाशीच ठेवलेली असते.