फुफ्फुसाचा जुनाट आजार आणि अनुदान: नागपुरात अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, तपासणीला काय न्यायचं

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं), ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), आयएलडी (फुफ्फुसाच्या ऊतीला सूज येऊन ते कडक होणं) किंवा टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेलं फुफ्फुसाचं नुकसान. यांपैकी काही असलं आणि काम सुटलं, की शेजारीपाजारी पहिला सल्ला मिळतो: आधी दिव्यांगाचं कार्ड काढा. या सल्ल्याने बऱ्याच जणांचे महिने वाया जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि त्यात फुफ्फुसाचा आजार नाही. घरी ऑक्सिजन लागत असला तरी निव्वळ त्यावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, मिळत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मात्र त्या २१ मध्ये आहे आणि विदर्भात त्याचे रुग्ण कमी नाहीत. छातीचा त्रास सिकलसेलमुळे असेल तर अर्ज त्याच आजाराच्या नावाने करा.

बाकीच्यांनी आधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पगारातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) किंवा ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात होती का? आणि आजार कामावरच्या धुळीतून आला का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तहसीलचा रस्ता धरा.

तहसीलचा रस्ता: संजय गांधी निराधार अनुदान योजना

महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास आणि वय ६५ च्या आत, या मूळ अटी. पात्र गटांमध्ये क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष येतात. सीओपीडीचं नाव या यादीत नाही. त्यामुळे नुसतं निदान पुरत नाही. आजार दुर्धर आहे आणि त्यामुळे कमाई थांबली आहे, या दोन्ही गोष्टी वैद्यकीय दाखल्यात स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. मजुरीचे आजचे दर पाहता हा आकडा हास्यास्पद आहे, पण अर्ज त्यावरच अडतो. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांचं अनुदानही महिना २,५०० रुपये झालं. फुफ्फुसाच्या रुग्णाला दिव्यांग कार्ड नसल्याने दुर्धर आजाराच्या गटात १,५०० रुपयेच मिळतात.

एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. अर्जदार बाई विधवा किंवा परित्यक्ता असेल तर त्या गटातून अर्ज करावा, आजार सिद्ध करत बसण्याची गरज उरत नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढून दमेकरी झालेल्या कितीतरी बायकांना हे लागू पडतं. तसंच वय ६५ च्या पुढे गेलं असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिथे वय आणि उत्पन्न बघतात, फुफ्फुस बघत नाहीत.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारवरून होतो. शहरातल्यांचा संजय गांधी योजनेच्या तहसीलदारांकडे, हिंगणा, कामठी, उमरेडकडच्यांचा त्यांच्या तालुक्याच्या तहसीलमध्ये. आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि आजाराचा दाखला लागतो. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत आधीच विचारून घ्या. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आजाराचा दाखला सरकारी रुग्णालयाचाच काढा. खाजगी छातीरोगतज्ज्ञांचे कागद जोडायला चांगले, पण शिक्का सरकारी लागतो. नागपुरात त्यासाठी मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) ही रुग्णालयं आहेत. मेडिकलचा छातीरोग विभाग टीबी वॉर्डच्या आवारात आहे हे नागपूरकरांना सांगायला नको. ‘रुग्ण उपचार घेत आहे’ अशा एका ओळीच्या दाखल्याचा उपयोग शून्य. निदान, आजार कधीपासून, श्वसनचाचणीतला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा) किती टक्के, चालताना ऑक्सिजन किती उतरतो, वर्षभरात किती वेळा भरती व्हावं लागलं, सुधारणेची शक्यता आहे का आणि कोणतं काम झेपत नाही, एवढं त्यात यावं. ओपीडीत डॉक्टरांपुढे गर्दी असते. हे मुद्दे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांचंही काम सोपं होतं.

नोकरदारांसाठी

ईएसआयसी असणाऱ्यांना साधा आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के मिळतो. त्यापुढे ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, ८० टक्के दराने. या यादीत ब्राँकिएक्टॅसिस आणि आयएलडी आहेत. सीओपीडी मात्र हृदयावर ताण येऊन ते निकामी होऊ लागलं असेल तरच. त्यामुळे सीओपीडीच्या रुग्णाने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून तो अहवाल फाइलला लावायलाच हवा. दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार अंशदान (वर्गणी) कालावधींत, म्हणजे प्रत्येकी सहा महिन्यांच्या चार टप्प्यांत, १५६ दिवसांचं अंशदान, ही अट आहे.

पीएफ कापला जात असेल तर १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वाचं निवृत्तिवेतन आहे. त्याला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एका महिन्याचं अंशदान पुरतं. फॉर्म १०-डी भरायचा आणि मंडळासमोर वैद्यकीय तपासणी द्यायची. मेख एवढीच, की अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं. धाप लागते म्हणून आधी राजीनामा आणि मग चौकशी, हा क्रम महागात पडतो.

धुळीतून आलेला आजार

नागपूर जिल्ह्यात हा विषय मोठा आहे. उमरेड, सावनेर, सिल्लेवाडाकडे कोळसा. कांद्री, मनसर, गुमगावला मँगनीज. शिवाय गिट्टी क्रशर आणि ओतकामाचे कारखाने. दगड-वाळूच्या धुळीचा सिलिकोसिस, कोळशाच्या धुळीचा न्यूमोकोनिओसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे व्यावसायिक आजार म्हणून कायद्याच्या अनुसूचीत आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातली ही व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. ईएसआयसी असेल तर दावा तिथे, विशेष वैद्यकीय मंडळासमोर. नसेल तर मालकाविरुद्ध.

इथे फुफ्फुसाइतकाच नोकरीचा पुरावा तपासला जातो. कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र क्वचितच असतं. पीएफचं पासबुक, गेटपास, पगाराच्या बँक नोंदी, सोबत काम केलेल्यांची प्रतिज्ञापत्रं, जे मिळेल ते जमवा. खाणीत नियतकालिक तपासणी, म्हणजे पीएमई, झाली असेल तर जुने अहवाल लेखी मागा. कोणत्या साली कुठे, ड्रिलिंग कोरडं की पाणी मारून, रोज किती तास, असा कामाचा इतिहास सालवार लिहून काढा. सिलिकोसिस काम सोडल्यावर अनेक वर्षांनीही दिसू शकतो आणि त्याला टीबी समजून औषधं दिली जातात, हेही नेहमीचं. केसपेपरवर व्यवसायाची नोंद करून घ्या, तो रकाना बहुधा रिकामा असतो. एक्स-रेची फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, नुसत्या अहवालाने भागत नाही.

तपासणीचा दिवस

बसलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९५ दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. फुफ्फुसाचे पुष्कळ रुग्ण बसून चांगले असतात, चालताना उतरतात. म्हणून सहा मिनिटं चालण्याची चाचणी आधीच करून अहवाल सोबत न्या. नसेल तर मंडळाला तशी विनंती करा.

फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, तब्येत स्थिर असताना करावी. नुकताच धापेचा ॲटॅक येऊन गेला असेल तर आकडे पडतात आणि हे तात्पुरतं आहे असा शेरा बसतो. चाचणीच्या आधी पंप (इन्हेलर) किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. पोट भरून जेवून जाऊ नका, सैल कपडे घाला. जोर लावून फुंकायचं असतं, म्हणून अलीकडे हार्ट ॲटॅक, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल तर आधीच सांगा. मुद्दाम कमी फुंकलं तर आलेखात कळतं आणि चाचणी बाद होते.

विचारलेल्या प्रश्नाला आकड्यात आणि कृतीत उत्तर द्या. ‘खूप त्रास होतो’ यातून काही नोंदवता येत नाही. ‘आंघोळ करताना दोनदा बसावं लागतं’, ‘एक मजला चढायला मध्ये थांबतो’, ‘डिसेंबर-जानेवारीत रात्री उशा लावून बसूनच झोपतो’ हे नोंदवता येतं. मराठी माणूस मोठ्या डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. इथे ती सवय नडते. घरचं माणूस सोबत न्या, डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे लावा, रोजचे पंप पिशवीत टाका. ऑक्सिजन सिलिंडर लागत असेल तर तो न लाजता घेऊन जा.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. ईएसआयसीच्या मंडळाचा निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणात जाता येतं, मात्र त्याला मुदत असते. संजय गांधी योजनेत दाखल्यात त्रुटी निघाली असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की अनुदान बंद पडतं आणि पुन्हा सुरू करायला तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात.