पापलेटची विणक्षेत्रे (मुंबई किनारा)

मुंबई-पालघर किनाऱ्यावरचे पापलेट (सरंगा) कोणत्या महिन्यांत, किती वाव (खोली मोजायचे कोळ्यांचे माप) पाण्यात आणि कशा प्रवाहात अंडी सोडते, याचा शोध. पापलेटची आवक घटत गेल्याने या अभ्यासाला निकड आली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव पॅम्पस अर्जेन्टियस असे आढळते. भारतीय पाण्यातली जात मात्र अलीकडे पॅम्पस कँडिडस म्हणून वेगळी मानली जाते.

विणक्षेत्र म्हटले की नकाशावर आखलेला चौकोन डोळ्यांपुढे येतो. पापलेटच्या बाबतीत तो चौकोन फसवा आहे. हा मासा तळाशी घरटे करत नाही, दगडाला अंडी चिकटवत नाही. ती पाण्यात मोकळी सोडतो. जेमतेम एक मिलिमीटरचे, आत तेलाचा एक थेंब असलेले अंडे पाण्याबरोबर वाहत राहते. मुंबईत दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. त्यामुळे अंडे जिथे सापडले तिथे ते घातले गेले असेलच असे नाही. बारीक जाळीने गाळून काढलेल्या अंड्यातला गर्भ किती वाढला आहे ते पाहून त्याचे वय काढतात आणि प्रवाहाचा हिशेब उलटा मांडतात. अशाच दिसणाऱ्या इतर माशांच्या अंड्यांतून पापलेटचे वेगळे काढायला आता डीएनए तपासणीचा आधार घेतात.

अभ्यासाची जुनी, स्वस्त वाट बंदरावरून जाते. ससून डॉक, भाऊचा धक्का किंवा वेसाव्याला उतरलेल्या मादीची गाभोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, तपासायची. कच्ची गाभोळी पातळ, फिकट. पिकत आली की पिवळसर, दाणे नुसत्या डोळ्यांना दिसणारे. अगदी तयार झाली की दाणे पारदर्शक होतात आणि पोट दाबताच अंडी बाहेर येतात. अंडी सोडून झालेली गाभोळी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, लालसर पडते. गाभोळीचे वजन माशाच्या वजनाच्या किती टक्के, हा आकडा महिन्यागणिक मांडला की विणीचा हंगाम कळतो. अडचण किमतीची. लिलावातल्या मोठ्या पापलेटचे पोट फाडू कोण देणार? मासा विकतच घ्यावा लागतो.

शिवाय गाभोळीवरून ‘केव्हा’ कळते, ‘कुठे’ नाही. आठ-दहा दिवस समुद्रात फिरून आलेल्या ट्रॉलरच्या बर्फातला मासा नेमका कुठला, हे धक्क्यावर कोण सांगणार! ते तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, माहीत असते. भांगाला (कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत) कुठे, उधाणाला कुठे, किती वावांवर गाभोळीचा मासा लागतो याचे त्याचे गणित पक्के असते. जीपीएसच्या नोंदींशी ते जोडले तर संशोधनाचा निम्मा भार हलका होईल. पण चांगली जागा उघड करायला कुणीही नाखूषच असतो.

दुसरी उणीव पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांना उसंत मिळावी म्हणून ही बंदी, पण त्याच काळात धक्क्यावर नमुने नसतात आणि खवळलेल्या समुद्रात संशोधन-नौकाही क्वचितच जाते. पापलेट एकाच हंगामात टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. तेव्हा दोन महिन्यांच्या बंदीने त्याची सगळी वीण सांभाळली जाते, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

पिल्लांचा माग लागतो तो डोल जाळ्यात. प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना बांधलेल्या या जाळ्याचे शेपटाकडचे आस (जाळीची छिद्रे) बारीक असल्याने जवळा-बोंबलाबरोबर बोटभर पापलेटही येते. संशोधकाला तो पुरावा, मच्छीमाराला मातीमोल माल. २०२३ मध्येच राज्याने ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान अधिसूचित केले, त्यात पापलेटही आहे. पण डोलीत शिरलेले पिल्लू वर काढेपर्यंत बहुधा मेलेलेच असते. अशा जाळ्यापुढे मोजपट्टीचा उपयोग बेताचाच.

वेसाव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र हे या विषयाचे शहरातले मुख्य आधार. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या वाढवण बंदरासाठी डहाणूजवळ भर समुद्रात १,४०० हेक्टरांहून अधिक भराव प्रस्तावित आहे. तिथल्या कोळ्यांच्या आक्षेपांत माशांच्या विणीचा मुद्दा आहे.