मशालीच्या तोंडावरची काजळी

क्रीडास्पर्धेत मिरवलेली मशाल संग्रहालयात आली की ती घासूनपुसून लखलखीत करावी, असे पुष्कळांना वाटते. पण तिच्या तोंडाशी धरलेली काजळी हा त्या वस्तूचा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण मशालीत काय जळले आणि कसे जळले, याचा पुरावा तिथेच शिल्लक असतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या बहुतेक मशालींत हेक्झामिन या घन इंधनाच्या वड्या जळत असत. ज्योत ठळक दिसावी म्हणून त्यांत नॅप्थलीन, म्हणजे डांबरगोळ्यांतले रसायन, मिसळले होते. नॅप्थलीन जळताना कार्बनचे असंख्य सूक्ष्म कण सुटतात आणि हे तापलेले कणच ज्योतीला पिवळा उजेड देतात. थंड होऊन धातूवर बसले की त्यांनाच आपण काजळी म्हणतो. वेंब्ली स्टेडियममध्ये नेलेल्या अखेरच्या मशालीत मात्र भर दिवसाही झळाळणारे मॅग्नेशियम होते, आणि त्याची राख पांढरी असते. म्हणजे नुसत्या अवशेषाच्या रंगावरूनही इंधनाचा पहिला अंदाज बांधता येतो. मॅग्नेशियमची झळाळी धोक्याचीही होती: १९५६ साली मेलबर्नमध्ये रॉन क्लार्क या धावपटूचा हात मशालीतून उडालेल्या जळत्या कणांनी भाजला.

पुढे वायू आला. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूप होतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत नेण्याच्या ज्योतीसाठी प्रोपेन सोयीचा ठरतो. टोकियोच्या मशालीत काही टप्प्यांवर हायड्रोजन वापरला गेला. त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा सोडियम कार्बोनेटने तिला पिवळा रंग दिला. हे रसायनशास्त्र मला फार देखणे वाटते.

अशी मशाल नागपुरात जपायची, तर इथल्या हवेचा विचार आधी करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पाऊस सुरू झाला की तीच हवा दमट होते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोन धातूंच्या सांध्यावर आणि मुठीच्या लाकडावर किंवा चामड्यावर दरवर्षी ताण येतो. उघड्या हाताने उचलल्यास घामातले क्षार ॲल्युमिनियमवरचा पातळ ऑक्साइडचा थर भेदतात आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. म्हणून हातमोजे घालावेत, काचपेटीतली आर्द्रता शक्य तितकी स्थिर ठेवावी, आणि पॉलिश तर अजिबात लावू नये. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या, प्राचीन शिल्पांवरची काळाची छटा आपण खरवडून काढत नाही. तोच न्याय कालपरवाच्या मशालीलाही लागू व्हावा.

दालनात मांडण्यापूर्वी आतली वायूची कुपी मात्र तज्ज्ञाकडून रिकामी करून घ्यावी. उन्हाळ्यात बंद पेटीतले तापमान वाढते तसा कुपीतला दाबही वाढत जातो. काढलेली कुपी फेकून न देता, नोंद करून मशालीशेजारीच ठेवावी.